एकेचाळीस जणांची एकच आई

५ मे २०१४ रोजी अनेक देशांतल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थी-संघटनांनी मिळून एक खुले पत्र प्रसिद्ध केले. विद्यापीठांतून या विषयाची जवळजवळ एकच विचारपद्धती शिकवली जाते, ती कोंडी फुटावी आणि निरनिराळ्या विचारपरंपरांना, विषयाच्या इतिहासाला आणि शेजारच्या शास्त्रांना अभ्यासक्रमात जागा मिळावी, अशी त्यांची मागणी होती. पत्र उपलब्ध आहे, तारीख तपासता येते. या लेखातली एवढी एकच गोष्ट वाचकाला माझ्यावर विसंबून न राहता पडताळता येईल. पुढचे बहुतेक सारे माणसांच्या सांगण्यावर उभे आहे, आणि जिथे दोघांचे सांगणे जुळले नाही तिथे मी ते जुळवून घेतलेले नाही.

ज्या बाईंची ही हकीकत, त्यांनी त्या पत्राची प्रत काढून आपल्या विभागाच्या दारावर आतून चिकटवली. ते दार उघडताना मागच्या लोखंडी कपाटाला घासत असे, त्यामुळे पत्राचा खालचा कोपरा आठवड्याभरातच फाटला. शिपायाने विचारले, मॅडम, ही नवी नोटीस कसली? बाई म्हणाल्या, नोटीस नाही, आपल्या बाजूने कोणीतरी बोललंय त्याचा पुरावा आहे. शिपायाने दुसऱ्या दिवशी कोपऱ्याला चिकटपट्टी लावून दिली.

बाई एका मध्यम आकाराच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. वडील पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचत. भावंडे दोनच, बाई आणि त्यांचा मोठा भाऊ. अर्थशास्त्र त्यांनी आवडीने घेतले नव्हते, जागा शिल्लक होती म्हणून घेतले. पहिल्याच वर्षी वर्गात राष्ट्रीय उत्पन्न शिकवत असताना त्यांनी उठून विचारले होते की माझी आई दिवसभर राबते ते यात कुठे धरलंय. सरांनी पुस्तक चाळून पाहिले आणि सांगितले, ते सिलॅबसमध्ये नाही. बाई खाली बसल्या, पण प्रश्न खाली बसला नाही, असे त्या स्वतःच सांगत.

नोकरीला लागल्यावर त्यांनी शेवटच्या वर्षासाठी एक ऐच्छिक पेपर मंजूर करून घेतला. नाव ‘अर्थविचारांचे प्रवाह’. शिकवायची पद्धत त्यांची स्वतःची होती. फळ्यापुढच्या चौथऱ्यावर खुर्च्या मांडायच्या. कार्यालयाने टाकून दिलेली, एक चाक तुटलेली फिरती खुर्ची बाजाराची. हाताला टेकू असलेली जड लाकडी खुर्ची सरकारची. पाठ नसलेले स्टूल घराचे. प्रश्न एकच ठेवायचा, विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने एकेका जागी बसायचे आणि तिथून जग जसे दिसते तसे बोलायचे. ज्याला जे पटत नाही त्यालाच नेमके तिथे बसवायचे, हा त्यांचा खाक्या. बाजाराच्या खुर्चीवरून कलंडू नये म्हणून एक पाय जमिनीला टेकवून बसावे लागे, त्यावर पोरे हसत. बाईंना सारे कॉलेज खुर्चीबाई म्हणे. त्यांना ते ठाऊक होते आणि त्यांना ते आवडायचे.

सुरुवातीच्या वर्षांत खुर्च्या तीनच नव्हत्या. जुने विद्यार्थी पाच सांगतात, एकाला सहा आठवतात. कोणी निसर्गाची मांडली होती, कोणी कर्ज बुडालेल्या दुकानदाराची. एक पोरगा तर टेबलावरच चढून बसला होता आणि म्हणाला होता की मी अजून जन्माला न आलेल्या माणसांकडून बोलतो. बाई त्या दिवसाची आठवण वर्षानुवर्षे काढत. मग परीक्षेत पंधरा गुणांचा मोठा प्रश्न आला, आणि पंधराला तिनाने भाग जातो. शिवाय चौथी खुर्ची परीक्षा विभागाने एका बैठकीसाठी नेली ती परत आली नाही. बाईंनी दोनदा मागणी केली, मग त्याही विसरल्या.

कॉलेजातच त्यांचा एक वर्गमित्र होता, सांख्यिकी आणि अर्थमिती शिकवणारा. त्याला सगळे आकडेवाले सर म्हणत. दोघांनी एकाच बाकावर बसून एम.ए. केले होते आणि तेव्हापासून दोघांचे भांडण चालू होते. या लेखात तो खलनायक होईल अशी वाचकाची अपेक्षा असल्यास ती आताच सोडावी. तो ज्या गावातून आला होता तिथल्या प्राध्यापकांना एकच विचारवंत आवडायचा आणि त्यांनी वर्षभर तोच शिकवला. प्रवेशपरीक्षेच्या दिवशी मागणीची लवचिकता हा शब्द या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा वाचला. एक वर्ष वाया गेले. म्हणून त्याचे म्हणणे असे की गरीब कॉलेजातल्या पोराला मोजपट्टी हवी असते. विविधतेची चैन ज्याला पुढची वाट मोकळी आहे त्यानेच करावी. बाई म्हणायच्या, तुझ्या मोजपट्टीत माझी आई बसत नाही. तो म्हणायचा, आईला बसव, पण पट्टी मोडू नकोस.

पत्र दारावर लागले त्यानंतरच्या वर्षी परिसरातल्या सगळ्या कॉलेजांसाठी एकच अभ्यासक्रम, एकच क्रमिक पुस्तक आणि एकच प्रश्नपत्रिका करण्याचे ठरले. अभ्यास मंडळाने आकडेवाल्या सरांना निमंत्रक नेमले. ऐच्छिक पेपर एकामागून एक गळत गेले. ‘अर्थविचारांचे प्रवाह’वर चर्चा आली तेव्हा बाई बैठकीत उभ्या राहिल्या. बैठकीच्या कार्यवृत्तात त्यांचे एकच वाक्य नोंदवलेले आहे: ‘माझ्या वर्गाची उत्तरे वाचा आणि मग ठरवा.’ मंडळाने ते मान्य केले. वार्षिक परीक्षेत या पेपरची उत्तरे बाहेरचे परीक्षक तपासतील. मुले स्वतंत्र विचार करतात असे दिसले तर पेपर राहील, नाही तर जाईल. एकवीस वर्षांचे काम बाईंनी आपणहून तराजूत टाकले. आकडेवाल्या सरांनी त्यांना जिन्यात गाठून विचारले की तुला खात्री आहे का. बाई म्हणाल्या, माझी पोरं आहेत ती, पाठ करणारी नव्हेत.

प्रश्नपत्रिका मी पाहिली आहे. पंधरा गुणांचा प्रश्न असा: ‘घरातील विनामोबदला श्रम राष्ट्रीय उत्पन्नात धरावेत काय? आपले मत सकारण लिहा.’ हा प्रश्न बाईंनी काढलेला नव्हता. तो काढणाऱ्याने, बहुधा आदराने, त्यांच्याच आवडीचा निवडला होता.

उत्तरपत्रिका वाचनालयाच्या हॉलमध्ये तपासल्या जात. लांबलचक टेबले, प्रत्येक परीक्षकापुढे गठ्ठा, नाव आणि क्रमांक झाकलेले. बाईही तिथेच होत्या, पण स्वतःच्या विद्यार्थ्यांचे पेपर तपासायचे नाहीत या नियमाने दुसऱ्याच विषयाचा गठ्ठा घेऊन भिंतीकडेला बसलेल्या. त्या हॉलमध्ये एक रीत होती, आणि तिच्यावाचून ते काम कोणाला झेपले नसते: चहा आला की ज्याला गमतीचे उत्तर सापडले असेल त्याने ते मोठ्याने वाचायचे. कोणाचे ते कळत नसे, त्यामुळे कोणाचे मन दुखायचे कारण नव्हते. बाईंनीही वर्षानुवर्षे अशी उत्तरे वाचली होती आणि हसल्या होत्या.

त्या दिवशी बाहेरच्या कॉलेजातल्या एका पोक्त परीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, हे गमतीचं नाही, पण ऐकण्यासारखं आहे. त्यांनी वाचले: “माझी आई दुपारभर कपड्यांना रफू करायची. देशाच्या हिशेबात सुई मोजली गेली, दोरा मोजला गेला...”

शेजारच्या टेबलावरच्या तरुण परीक्षिकेने मान वर न करता पुढचे म्हटले: “बटणंसुद्धा मोजली गेली.”

आणि पलीकडून, कपात बिस्किट बुडवत, तिसऱ्याने वाक्य पुरे केले: “माझी आई तेवढी मोजायची राहिली.”

हॉल हसला. मग ते हसणे मध्येच तुटले, कारण तिघांनीही आपापल्या पुढ्यातला कागद पाहिला आणि मग एकमेकांकडे पाहिले. तरुण परीक्षिकेने विचारले, म्हणजे तुमच्याकडेही हीच आई आहे?

पहिले वाक्य ऐकताना बाई खाली मान घालून सुखावल्या होत्या. कोणालातरी आपले बोलणे लक्षात राहिले, एवढेच त्यांच्या मनात आले. दुसऱ्या टेबलावरून आवाज आला तेव्हा त्यांनी मान वर केली. तिसऱ्यानंतर लाल पेनाला टोपण बसेना. त्यांनी ते तसेच टेबलावर ठेवले आणि दोन्ही हात मांडीवर घेतले, असे त्यांच्या शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने मला सांगितले. तो म्हणाला, “मला वाटलं त्यांना चक्कर आली. चेहऱ्यावरचा रंगच उतरला होता.”

सगळ्या गठ्ठ्यांतून तो पेपर वेगळा काढून एका टेबलावर आणला गेला. एकेचाळीस उत्तरपत्रिका. प्रत्येकीत उत्तराची सुरुवात ‘पहिल्या खुर्चीवरून पाहता’ अशी. प्रत्येकीत तीन परिच्छेद. प्रत्येकीत रफू करणारी आई, आणि ती ‘माझी’. प्रत्येकीच्या शेवटी हेच: ‘प्रत्येक खुर्चीला आपले सत्य असते, म्हणून शेवटचा शब्द कोणाचाच नाही.’ मते वेगवेगळी असावीत हे मत एकेचाळीस जणांनी एकाच शब्दांत मांडले होते. पोक्त परीक्षकांनी शेवटची उत्तरपत्रिका मिटली आणि म्हणाले, “एकेचाळीस मुलं आणि आई एकच. एवढी मोठी कुटुंबं हल्ली राहिलेली नाहीत.” या वेळी कोणी हसले नाही. त्यांनी नियमाप्रमाणे सामूहिक कॉपीचा शेरा लिहिला. निकाल राखून ठेवला गेला. कॉपी सिद्ध झाली तर साऱ्या वर्गाचे वर्ष रद्द होणार होते.

गैरप्रकारांची चौकशी प्राचार्यांच्या खोलीशेजारच्या लहान खोलीत झाली. समितीत तिघे, आकडेवाले सर विषयतज्ज्ञ म्हणून. बाईंना विषयशिक्षक या नात्याने बसायची परवानगी होती, बोलायची नव्हती. मुलांना एकेकटे बोलावले. परीक्षागृहात कागद सापडले नव्हते, खिडक्यांवर जाळ्या होत्या, पर्यवेक्षक कडक होता. मुले गोंधळलेली दिसत होती, घाबरलेली नव्हती. आपण काय चुकलो हेच त्यांना कळत नव्हते. पाचव्या की सहाव्या खेपेला आत आलेल्या एका मुलीला अध्यक्षांनी विचारले की बाळ, तुझी आई काय करते.

मुलगी म्हणाली, बँकेत कॅशियर आहे.

मग रफू?

“आमच्याकडे कोणी करत नाही, सर. फाटलं की आम्ही टाकून देतो.”

मग तू लिहिलंस ती आई कोण? मुलगी म्हणाली, ती उत्तरातली आई. जणू काही हे उघडच होते. अध्यक्षांनी पाण्याचा घोट घेतला. आता आकडेवाले सर पुढे झुकले. त्यांचा आवाज, समितीच्या लेखनिकाच्या सांगण्याप्रमाणे, चढा नव्हता, उलट समजुतीचा होता.

“ते जाऊ दे. घरातलं काम उत्पन्नात धरावं की नाही, तू सांग.”

“कुठल्या खुर्चीवरून सांगू, सर?”

“तुझ्या.”

मुलीने खरोखरच विचार केला. मग म्हणाली, “ती वर्गात नव्हती.”

 लेखनिकाने ते वाक्य टिपायचे की नाही म्हणून अध्यक्षांकडे पाहिले. मुलीला वाटले आपण उद्धटपणा केला. ती घाईघाईने म्हणाली, सॉरी सर, मॅडमनी तीनच शिकवल्या होत्या. बाई खुर्चीच्या दांड्याला धरून उठल्या आणि बाहेर गेल्या. 

त्या संध्याकाळी घरी घडले ते त्यांच्या मुलीने मला सांगितले, आणि बाईंनी नंतर त्याला दुजोरा दिला. मुलगी इस्त्री करत होती. बाई चप्पलही न काढता तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मी वर्गात नोट्स देते का? मुलगी म्हणाली, तू? तू तर नोट्स देणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडतेस. मग त्यांनी शब्द कुठून आणले, बाई पुन्हापुन्हा विचारत राहिल्या. मी कधी पाठ करून शिकवलं नाही, दर वर्षी नव्याने बोलते, जसं सुचेल तसं.

मुलीने इस्त्री उभी केली. तिला आईची चेष्टा करायची होती, एवढेच; ती आता त्याबद्दल हळहळते. ती लहानपणापासून स्वयंपाकघराच्या दाराशी बसून आईचे तास ऐकत आली होती, कारण बाई भाजी चिरताना मोठ्याने बोलून तयारी करत. तिने उजवा हात बाई धरतात तसा धरला आणि सुरुवात केली. पहिल्या खुर्चीवरून पाहता. वाक्यामागून वाक्य, चढ-उतारासकट. रफूपर्यंत आल्यावर तिने आवाज खाली नेला, बाई नेतात तसा. सुई मोजली गेली, दोरा मोजला गेला. मग ती थांबली.

बाई म्हणाल्या, पुढचं?

“पुढचं आहे ना. पण इथे तू पाणी पितेस.”

बाईंनी आता कुठे चप्पल काढली. आपण एकवीस वर्षे बोलतो आहोत असे त्यांना वाटत होते. आपण एकवीस वर्षे म्हणून दाखवत होतो, हे त्यांना त्या क्षणी कळले. खुर्च्यांवर बसलेली पोरे आपापले काही बोलतात असे त्या धरून चालल्या होत्या. खरे असे होते की पोरे चाचपडू लागली की बाई मदतीला धावत आणि वाक्य पुरे करून देत. चांगले वाक्य. दर वर्षी तेच चांगले वाक्य. मुलीने विचारले, आई, तुला खरंच माहीत नव्हतं? बाईंनी नकारार्थी मान हलवली. मुलगी म्हणाली, “अगं, मला वाटायचं तू मुद्दाम करतेस. इतकं छान बसलं होतं ते.”

रात्रीच्या जेवणाआधी आकडेवाले सर घरी येऊन गेले. त्यांनीही हे ताडले होते. ते म्हणाले की समितीपुढे दोनच वाटा आहेत. कॉपी झाली असे ठरले तर पोरांचे वर्ष जाईल, पण पेपरवर ठपका येणार नाही. शिस्तीचा प्रश्न म्हणून तो मिटेल आणि पुढच्या वर्षी बाईंना पुन्हा संधी मागता येईल. कॉपी झाली नाही असे ठरले तर मग हे एकेचाळीस जण असे लिहायला कुठे शिकले, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर बाईंचा पेपर घेऊन बुडेल. सर एवढेच सांगून थांबले. त्यांनी सल्ला दिला नाही. बाईंनी त्यांना चहाही विचारला नाही, यावरून त्यांना काय ते समजले, असे ते मला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी समितीपुढे बोलायची परवानगी मागितली आणि उभ्यानेच सांगितले, “कॉपी झालेली नाही. ही वाक्यं माझी आहेत. आईसुद्धा माझीच आहे. मुलांनी मला जे हवं होतं ते मला परत दिलं.” अध्यक्षांनी विचारले, म्हणजे तुम्ही पाठ करून घेतलंत? बाई म्हणाल्या, मी करून घेतलं नाही, पण झालं. याहून अचूक मला सांगता येत नाही.

एकेचाळीस जणांचे निकाल लागले. बाईंनी विभागात जाऊन दारावरचे पत्र काढले, ते नीट घडी करून पर्समध्ये ठेवले, आणि खुर्च्या कार्यालयाला परत पाठवण्यासाठी शिपायाला बोलावले. पेपर गेला, हे त्यांनी गृहीतच धरले होते. शिपाई म्हणाला, मॅडम, मंडळाची बैठक होऊ द्या की, घाई काय आहे. बाई म्हणाल्या, आता बैठकीत ठरायचं काय राहिलंय?

बैठकीत जे ठरले त्याचे कार्यवृत्त मी तीनदा वाचले आहे, कारण पहिल्यांदा माझा त्यावर विश्वास बसला नाही. ‘अर्थविचारांचे प्रवाह’ हा पेपर रद्द झाला नाही. तो ऐच्छिक होता, तो सर्व कॉलेजांना अनिवार्य करण्यात आला. कारण असे नोंदवले आहे: या पद्धतीने एकाच वर्गातील सर्व विद्यार्थ्यांकडून एकसारख्या दर्जाचे, तीन दृष्टिकोनांचा समावेश असलेले उत्तर मिळू शकते हे सिद्ध झाले आहे; अशी एकवाक्यता अन्य कोणत्याही पेपरमध्ये आढळलेली नाही. सोबत आदर्श उत्तर जोडलेले होते. प्रत्येक खुर्चीला पाच गुण. तिसऱ्या खुर्चीखाली उदाहरण म्हणून रफू करणारी आई, सुई, दोरा आणि बटणे. फक्त ‘माझी आई’ खोडून ‘एक गृहिणी’ केले होते.

आकडेवाले सर ही बातमी घेऊन स्वतः वर आले. ते खरोखर आनंदात होते; हे मी त्यांच्या सांगण्यावरून नव्हे, शिपायाच्या सांगण्यावरून लिहितो. जिना चढून त्यांना धाप लागली होती. ते म्हणाले, “तुला हवं तेच झालं बघ. आता प्रत्येक कॉलेजात तीन खुर्च्या. माझ्या गावच्या पोरालासुद्धा तिन्ही मिळतील.”

 बाई म्हणाल्या, “आणि कोणी चौथीवर बसला तर?”

सरांनी प्रामाणिकपणे विचार केला. “त्याला गुण कुठून देऊ? पंधरा संपले ना.”

शिपाई म्हणतो की त्यानंतर बाई हसल्या, आणि ते हसणे त्याला आवडले नाही. आकडेवाल्या सरांना मात्र त्या हसल्याचे आठवत नाही.

बाईंनी आणखी दोन वर्षे शिकवले. त्यांनी वर्गात खुर्च्या मांडणे बंद केले आणि मुले बोलताना अडखळली तर मध्ये न बोलण्याचा नेम केला. तास सुन्न शांततेत जात. आईची गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली नाही. सगळ्या कॉलेजांत त्यांच्या वर्गाचा निकाल सर्वांत कमी लागला. पालक तक्रार घेऊन आले की इतर ठिकाणी आदर्श उत्तर देतात, तुम्हीच तेवढे देत नाही, आणि उत्तर तर तुमचंच आहे म्हणे. एका वडिलांनी ते छापील उत्तर त्यांच्याच टेबलावर ठेवले आणि म्हणाले, मॅडम, एवढं एकदा वाचून दाखवा, पोरीचं भलं होईल. बाईंनी ते वाचून दाखवले नाही. दुसरे वर्ष संपल्यावर त्यांनी मुदतीपूर्वी निवृत्ती घेतली.

हा लेख इथे संपायला हवा होता. पण लिहिण्याच्या कामात शेवटी मी बाईंच्या मोठ्या भावाला भेटलो. जन्मसाल, वडिलांची नोकरी अशा किरकोळ गोष्टी ताडून पाहायच्या होत्या. जाता जाता मी आईच्या रफूचा उल्लेख केला. 

“आई? रफू? अहो, आमची आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती. दर महिन्याला पगार आणायची, बाबांपेक्षा जास्त. सुई हातात धरली की तिचे डोळे पाणावायचे. रफू करायचे ते बाबा.”

मी वही बंद केली होती, ती पुन्हा उघडली. त्यांनी पुन्हा तेच सांगितले. मीटर वाचून आले की वडील दुपारी खिडकीपाशी बसत आणि बटणे लावत. शेजारच्या बायकाही फाटलेले आणून देत. नोकरीची खातरजमा मी करून घेतली. एक्स्चेंजच्या निवृत्तांच्या स्नेहमेळाव्याचा फोटो भावाकडे आहे, आणि त्यातल्या दुसऱ्या रांगेतली बाई त्यांची आईच आहे, हे आणखी दोघींनी ओळखले. ती मोजली गेलेली आई होती. भावाचे खरे मानले तर मोजायचे राहिले होते ते वडील.

मी हे बाईंना विचारले. त्या गॅलरीत कुंडीतली माती सैल करत होत्या.  भावाची स्मरणशक्ती चांगली आहे, हे त्यांनी मान्य केले. एक्स्चेंजची नोकरीही मान्य केली. त्यात लपवण्यासारखे काय आहे, त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “पण मला दिसते ती आईच. खिडकीशी बसलेली. आता मी ते कसं पुसू?” मी विचारले की पहिल्या वर्षी वर्गात उठून तुम्ही प्रश्न विचारला तो आईबद्दलच होता ना. त्या म्हणाल्या, प्रश्न विचारला होता, एवढं नक्की. कोणाबद्दल, ते आता तुम्ही मला शपथ घालून विचारलंत तरी सांगता यायचं नाही.

चौकशीतली ती मुलगी आता एका विमा कार्यालयात दावे तपासते. मी तिला फोन केला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला: घरातले विनामोबदला श्रम उत्पन्नात धरावेत का. ती म्हणाली, “पहिल्या खुर्चीवरून...” आणि गप्प झाली. नंतर म्हणाली की विचार करून कळवते. तिने अजून कळवलेले नाही, आणि मी पुन्हा विचारलेले नाही.

जे कळलेले नाही ते असे. त्या घरात रफू कोण करत होते, याबाबत भावाच्या सांगण्याला त्यांच्या शब्दापलीकडे आधार नाही, आणि बाईंच्या सांगण्यालाही नाही. आईच्या जागी वडील, की वडिलांच्या जागी आई, ही अदलाबदल झाली असेल तर ती कधी झाली आणि जाणूनबुजून झाली की बोलताबोलता, हे बाईंनाही माहीत नाही. आदर्श उत्तरात ‘एक गृहिणी’ कोणी घातले, याची नोंद नाही. आकडेवाले सर म्हणतात, ते मी नव्हे. एकेचाळीस उत्तरपत्रिका नियमाप्रमाणे मुदतीनंतर लगद्याला गेल्या. त्यात कोणी कुठे समासात, खोडून, एखादे वेगळे वाक्य लिहिले होते का, हे परीक्षकांपैकी कोणालाही आठवत नाही; त्यांनी ते शोधलेच नव्हते. प्रश्नपत्रिकेने ‘आपले मत’ विचारले होते. त्या वर्गातल्या एकाही विद्यार्थ्याचे ते काय होते, हे मला माहीत नाही.